रविवारचे फोन

आमच्या गल्लीत त्या दोघी बहिणींना नावानं कुणी हाक मारली नाही. थोरली आणि धाकटी, बस्स. आता दोघींचेही केस पांढरे झाले, तरी धाकटी ती धाकटीच.

वडिलांची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. थोरलीचा नवरा लवकर गेला, तेव्हा लेकीला घेऊन ती माहेरी परतली आणि इस्त्री हातात घेतली. धाकटी दूरच्या शहरात एका इस्पितळाच्या धोबीखान्यात नोकरीला लागली. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा धाकटी 'येते, येते' म्हणत राहिली, आणि आली ती सगळं आटोपल्यावर. थोरलीनं तिला उंबरठ्यावरच अडवलं. "आईचं अंथरूण मी धुतलं. तू परक्यांची धूत होतीस. आता इथे पाय ठेवू नकोस." थोरली बोलायची कमी, पण बोलली की काळ्या दगडावरची रेघ. धाकटी आल्या पावली परत गेली, ती पुढे कित्येक वर्षं फिरकलीच नाही.

मागच्या महिन्यात मात्र ती अचानक माझ्या दारात उभी. आम्ही एका वर्गात होतो.

"काय गं मास्तरीण, ओळखलंस, की हजेरीपटात नाव शोधतेस?"

मी तिला आत घेतलं, चहा टाकला. तिच्या चेहऱ्यावर पोरीसारखा आनंद होता.

"थोरलीनं मला माफ केलं, माहितीये? दर रविवारी फोनवर बोलतो आम्ही. 'झालं गेलं जाऊ दे' म्हणाली. तिच्या तोंडून, बघ! फक्त येऊ का विचारलं की म्हणते, आत्ता नको, रंगकाम चाललंय. म्हटलं, दुकान रंगवताय की राजवाडा बांधताय? शेवटी न सांगताच आले."

थोरलीला अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष उलटलं होतं. उजवी बाजू गेली, तशी वाचाही गेली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. हिलाही ठाऊक असेल, असंच मी धरून चालले होते.

"तिची तब्येत बरी नाहीये गं," मी म्हटलं.

"गुडघे. बोलली ती मला. चल, आधी जरा फिरून येऊ. एकदम घरात शिरायचं धाडस होत नाही."

आम्ही शाळेवरून गेलो. कुंपणाच्या भिंतीला जिथून आम्ही पळायचो ते भगदाड बुजवलेलं होतं. लाँड्रीमागच्या मोकळ्या जागेत, जिथे चादरी वाळायच्या, तिथे आता गाड्या उभ्या होत्या. धाकटी दोन गाड्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. "इथे आम्ही चादरींच्या घड्या घालायचो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती मुद्दाम हिसका द्यायची आणि मी तोंडावर आपटायचे. आज विचारणारच आहे तिला."

तिथेच मी सांगितलं. झटका आल्यापासून थोरलीला एक शब्दही बोलता येत नाही.

ती हसली. "अगं, गेल्या रविवारी अर्धा तास डोकं खाल्लंय तिनं माझं."

मी नुसती मान हलवली. तिचं हसू हळूहळू मावळलं. थोरली आणि तिची लेक, मायलेकींचा आवाज अगदी सारखा, तोच किंचित घोगरा. फोनवर गिऱ्हाइकं हमखास फसायची. हे तिलाही आठवलं असावं, कारण पुढे तिनं मला काहीच विचारलं नाही.

दुकानात थोरलीची लेक, म्हणजे धाकटीची भाची, इस्त्री करत होती. मावशीला पाहून तिनं इस्त्री उभी केली. ही माझी विद्यार्थिनी. खोटं बोलली की हिचे कान लाल होतात, हे मला तिच्या चौथीपासून माहीत. तेव्हा मात्र ती खरं बोलली.

"तू फोन केलास, मी हॅलो म्हटलं, आणि तू रडायलाच लागलीस, मावशी. 'ताई, माफ कर' म्हणालीस. मला मधे बोलूच देईनास. मग माझ्या तोंडून गेलं, झालं गेलं जाऊ दे. पुढच्या रविवारी सांगणार होते. पण तू इतकी खुशीत होतीस..."

धाकटीनं दुकानातल्या फोनकडे पाहिलं.

"आईसुद्धा हेच म्हणाली असती," भाची म्हणाली.

"नसती म्हणाली," धाकटी शांतपणे म्हणाली. "म्हणून तर मला एवढा आनंद झाला होता."

आतल्या खोलीत थोरली पडून होती. तिनं बहिणीला ओळखलं. नजर चेहऱ्यावर ठरली, त्यात शंका नव्हती. धाकटी कॉटच्या कडेला बसली आणि तिच्या डाव्या, चालत्या हातावर हात ठेवला. "ताई, मी आलेय गं."

थोरलीनं हात सोडवून घेतला. तोही हात आता चपळ राहिला नव्हता, त्यामुळे बराच वेळ लागला. मग तो पांघरुणाखाली घेऊन तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माझ्याशीही असंच करते ती कधी कधी," भाची घाईघाईनं म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते.

धाकटी तशीच बसून राहिली. नंतर तिनं पांघरुणाची सुरकुती सारखी केली आणि उठली. माझ्या घरी थांब म्हटलं, तर मान हलवली. स्टँडवर आम्ही दोघी तिला पोचवायला गेलो.

"फोन करशील ना, मावशी?"

"करीन. पण ताईच्या आवाजात बोलू नकोस."

"माझा हाच आवाज आहे, मावशी."

धाकटीनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि ती गाडीत चढली. खिडकीची जागा रिकामी असून ती आतल्या बाजूला बसली.

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. दुकानातला फोन वाजला की भाची हॅलो म्हणत नाही. आधी सांगते, "मी मुलगी बोलतेय." गिऱ्हाइकं चक्रावतात.