विरी गेलेलं पीठ

आमच्या सोलापुरात बाई एक वेळ डॉक्टर बदलेल, पण गिरणी बदलत नाही. त्यामुळं सिद्धप्पाच्या गिरणीत मी एकोणतीस वर्षं दळण दिलं, यात माझा काही मोठेपणा नाही. गल्लीतल्या सगळ्याच देत होत्या. डबा ठेवायचा, बाकड्यावर बसायचं आणि आपली ज्वारी आपल्या डोळ्यांदेखत दळून घ्यायची. सिद्धप्पा पडणारं पीठ दोन बोटांत चोळून बघायचा, दगड जरा सैल करायचा किंवा आवळायचा आणि म्हणायचा, "बाई, ही मंगळवेढ्याची न्हाय. कुणी दिली तुमाला?" मी दुकानदाराचं नाव सांगितलं की म्हणायचा, "फसलात की." माणूस असा तोंडावर बोलणारा. भुवयांपासून चपलेपर्यंत पांढरा, आणि दुपारचं जेवण सोडलं तर गिरणीबाहेर न दिसणारा.

मी शाळामास्तरीण होते, म्हणून गल्ली मला बाई म्हणते. सिद्धप्पाचा मुलगा नंदीश माझ्याच हाताखालून गेला. आता पुण्यात कंपनीत आहे, अकराव्या मजल्यावर राहतो. मागच्या दोन-तीन वर्षांत इमारतींमधल्या बायकांनी घरघंट्या घेतल्या, उरलेल्यांतल्या काही दुकानातली पिशवी आणू लागल्या आणि सिद्धप्पाचं दळण कमी झालं. नंदीशचा धोशा सुरू झाला, "अप्पा, गिरणी विका आणि इकडं या." सिद्धप्पा एकदा आठ दिवस जाऊन आला होता. मला म्हणाला, "बाई, तितं मी काय करू? लिफ्टमधी वर-खाली करत बसू?" त्याला काही मोठं नको होतं. हात चालतात तोवर आपल्या गिरणीवर जगायचं, मुलाच्या घरात खुर्ची धरून बसायचं नाही, एवढंच.

शेवटी बापलेकांत तडजोड झाली. नंदीशनं एक वर्ष दिलं. पण एका अटीवर, की अप्पांनी एक बिझनेस कोच लावायचा, त्याची फी नंदीश भरणार आणि तो सांगेल तसं करायचं. वर्षात गिरणी सावरली तर ठीक, नाहीतर गाठोडं बांधायचं. शिवम्मा, म्हणजे सिद्धप्पाची बायको, फणकारली. "गिरणीला शिकवणी कशाला लावायची? ती काय नापास झालीया?" सिद्धप्पा मात्र अडकला. तो चौथी शिकलेला, मुलगा इंजिनियर. संध्याकाळी माझ्याकडं आला आणि म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. लावू का?"

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "लावा की. शिकण्यात काय वाईट आहे?" बत्तीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून लागलेली खोड, दुसरं काय. शिकवणारा कोण आहे, त्याला कशातलं काय कळतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

त्याचं नाव पृथ्वीराज. मूळचा बार्शीचा, पुण्यात राहिलेला. एप्रिलच्या उन्हात कोट घालून तो गिरणीत आला आणि नाकाला रुमाल लावून उभा राहिला. मी तेव्हा बाकड्यावरच होते. त्यानं मोबाइलवर वेळ लावून बघितला. एका बाईला अर्धा तास लागतो, म्हणाला. "हाच तुमचा लॉस आहे, सिद्धप्पा सर. कस्टमरला वेटिंग नकोय." सिद्धप्पाला उभ्या जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. तो खाली बघून हसला. ते हसू बघूनच मला भीती वाटायला हवी होती.

पृथ्वीराजनं सांगितलेली पद्धत ऐकायला सोपी होती. ज्वारी घाऊक आणायची, एकदम दळून ठेवायची, पिशव्या भरून शिक्का मारायचा. बाईनं आपलं धान्य ओतायचं आणि तेवढ्या वजनाची पिशवी घेऊन चालू लागायचं. दोन मिनिटांत काम. बाकडं काढून तिथं पिशव्यांची मांडणी लावायची. सिद्धप्पानं एकदाच तोंड उघडलं.

"सर, ज्वारीचं पीठ दळून ठिवलं की त्याची विरी जाती."

"म्हणजे काय?"

"चिकटपना जातो. मग भाकरी थापताना कडा फाटत्यात, तव्यावर टाकायच्या आधी हातातच मोडती."

"आमच्या घरी तर महिन्याचं पीठ असतं. काही होत नाही."

त्याच्या घरचं पीठ गव्हाचं असणार, हे त्याला कळलं नाही. बार्शीचा पोरगा, ज्वारीवर वाढलेला, पण आयुष्यात परातीपुढं बसलेला नाही. भाकरी ताटात येते एवढंच त्याला माहीत. आणि पुढं म्हणतो कसा, "सर, अडचण पिठात नाही, माइंडसेटमध्ये आहे. तुम्हीच तुमची वाढ रोखलीय." सिद्धप्पानं "बरं" म्हटलं. पिठातलं त्याच्याइतकं कळणारा माणूस आमच्या पेठेत नव्हता. पण माइंडसेट हा शब्द त्याला कळला नाही, आणि जो शब्द कळत नाही तो आपल्यापेक्षा मोठाच असणार, असं आपल्या माणसांना वाटतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मी काही बोलले नाही.

बाकडं गेलं. मे महिन्यात पत्र्याखाली पिशव्या तापत पडल्या. पहिल्यांदा माझी भाकरी मोडली तेव्हा मी माझ्या हातांना दोष दिला. म्हटलं, वय झालं. गरम पाण्यानं उकड काढून बघितली, पीठ जास्त मळून बघितलं. शेजारची महेश्वरी एक दिवस दारात उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, हल्ली माझी भाकरी फुगत न्हाय. सासू म्हनती, तुझं लक्षच न्हाय." तेव्हा उजेड पडला. गल्लीतल्या प्रत्येक घरात एकेक बाई स्वतःलाच शिव्या देत होती, आणि पिशव्यांवर मात्र छान शिक्के होते.

मग सांगायला नको का कुणी? बाकडं असतं तर एखादी बोलली असती. तिथं बसून आम्ही सुनांपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढत होतो, पिठाचीही काढली असती. आता दोन मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर. शिवाय पृथ्वीराजनं दाराशी एक टॅब लावला होता. गिऱ्हाइकानं जाताना चांदण्या द्यायच्या, एकपासून पाचपर्यंत. सिद्धप्पा शेजारीच उभा असायचा, हात पुसत, आशेनं बघत. त्याच्या तोंडाकडं बघून दोन चांदण्या देणारी बाई अजून जन्माला यायची आहे. मी पाच दिल्या. महेश्वरीनं पाच दिल्या. सगळ्यांनी पाच दिल्या आणि एकेक करून आम्ही चौकापलीकडच्या सिदूच्या गिरणीत दळण न्यायला लागलो. सिदू तोंडाचा फाटका. रांग मोडली तर डबा बाहेर ठेवतो. पण ज्वारी आपली आणि पीठ गरम.

इकडं पृथ्वीराज दर आठवड्याला फोनवर चांदण्या बघायचा आणि नंदीशला कळवायचा, ग्राहक खूश आहेत, फक्त जाहिरात वाढवू. सिद्धप्पानं दोन फलक लावले. मला विचारायचा, "बाई, आमच्या घरात भाकरी मोडती, पर बाकी सगळ्या खूश हायेत म्हनं. मग येत का न्हाईत?" मी म्हणायचे, "येतील. धीर धरा." हे मी बोलले, सिदूकडचं पीठ माझ्या डब्यात असताना.

श्रावणातल्या एका सकाळी सिदूच्या रांगेत माझ्या पुढं एक बाई उभी होती. डबा टॉवेलात गुंडाळलेला, पदर डोक्यावर ओढलेला. वळली तर शिवम्मा. दोघींनी एकमेकींच्या डब्यांकडं बघितलं. ती म्हणाली, "आज माझा भाऊ जेवायला याचाय अक्कलकोटास्नं. मोडकी भाकरी कशी वाढू?" डबा पुढं सरकवत म्हणाली, "ह्यांना सांगू नका, बाई." मी म्हणाले, नाही सांगत. आमची दळणं पाठोपाठ झाली.

त्याच दुपारी सिद्धप्पा माझ्या दारात आला. जेवून तसाच आला होता. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"बाई, आज भाकरी मोडली न्हाय," तो म्हणाला. "पापुद्रा आलता. मेव्हना चार खाऊन गेला. मी शिवम्माला काय बी इचारलं न्हाय. पीठ हाताला कळतंय की मला. आपल्या गिरनीचं न्हवतं ते."

माझी नजर स्वयंपाकघरातल्या डब्याकडं गेली.

"तुमी बी सिदूकडंच जाता?"

"हो."

"कवापास्नं?"

"जूनपासून."

"आनि बाकीच्या?"

"सगळ्याच."

तो भिंतीला हात लावून उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मला कुनीच का न्हाय सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, सिद्धप्पा."

"वाटलं असतं की," तो म्हणाला. "चार दिवस वाटलं असतं. मग पाचव्या दिवशी ताजं दळाय लागलो असतो. त्या मानसाला गिरनीतलं काय कळतंय? तुमाला कळत हुतं, बाई."

एवढं बोलून तो पायऱ्या उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं पिशव्या गोठेवाल्याला दिल्या, बाकडं परत आणलं आणि महिनाभर दारात उभा राहिला. पण बायकांना आता सिदूकडं रांगेत कुणाच्या शेजारी उभं राहायचं ते ठरून गेलं होतं. मी लाजेखातर दोनदा डबा दिला. पीठ पहिल्यासारखं होतं. तिसऱ्यांदा मात्र त्याच्या नजरेला नजर देववेना, म्हणून मी गेले नाही.

वर्ष पुरं व्हायची वाटही त्यानं बघितली नाही. दसरा झाल्यावर स्वतःच नंदीशला फोन केला आणि गाडी घेऊन ये म्हणाला. निघाले त्या सकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका उंबऱ्यांवर उभ्या होत्या, डोळे पुसत. कुणी म्हणालं, गिरणी फार चांगली होती. कुणी म्हणालं, तुमच्यासारखं पीठ कुणी दिलं नाही. तो ऐकून घेत होता, मान डोलावत होता. माझ्यापाशी आला तेव्हा मला खरं बोलायचं होतं. मी म्हणाले, "तब्येतीला जपा."