आत्ताच वळवलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी उपासनेत पापकबुलीची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. मीही म्हणते, चांगली मोठ्याने — आणि तेवढ्यावर भागवते. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की, तू नेमकं काय केलंस, असं कुणी विचारत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

माझ्या आजीबद्दल आहे. आईची आई. सोलापुरातल्या मिशनच्या दवाखान्यात तिने छत्तीस वर्षं नर्सचं काम केलं. सुट्टीच्या दिवशीही ती घरी बसायची नाही. पत्र्याची पेटी घेऊन एसटीने मंद्रूपच्या बाजाराला जायची. तिथे कडेला बसून लोकांच्या जखमा धुवायची, गोळ्या द्यायची आणि मग येशूबद्दल बोलायची. आधी बोलून मग गोळ्या दिल्या तर माणसं ऐकायला तरी थांबतील, असं पाळकसाहेब तिला गमतीने सुचवायचे. ती म्हणायची, "दुखतंय त्याला आदी गोळी. देवाला काय घाई हाय?"

ख्रिस्ती माणसाने कशाचा अभिमान धरू नये, हे तीच आम्हाला शिकवायची. पण एक अभिमान तिला होता. तिच्या हाताखालच्या एकाही पेशंटला बेडसोर झाला नव्हता — पडून पडून पाठीला, कमरेला ज्या जखमा होतात ना, त्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, स्पिरिट लावून चोळायची, पावडर मारायची. चोळताना ती प्रभूची प्रार्थना एकदा म्हणायची, अगदी सावकाश. प्रार्थना संपली की पाठ झाली. घड्याळ बघायला हात मोकळे कुठे असतात, म्हणायची.

मग तिलाच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली. बोलणं थोडं जड झालं, पण बोलायची, आणि डोकं — हे नीट ऐका — डोकं एकदम शाबूत होतं.

वडील आधीच गेले होते. आई मंगळवेढ्याच्या शाळेत शिक्षिका; सकाळी एसटीने जायची ती संध्याकाळीच यायची. मी तेवीस वर्षांची. पुण्यात नोकरी लागल्याचं पत्र नुकतंच आलं होतं. मंडळीतल्या बायका आजीला भेटायला आल्या, तेव्हा कुणीतरी विचारलं, आता हिचं कोण करणार? मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाली, "एस्तेर हाय की माजी. मला दुसरं कोण पायजे?" सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. आईने मान खाली घातली.

मी काय केलं? हसले. म्हणाले, आहे ना मी. त्या वेळी नाही म्हणायला मला कुणी अडवलं होतं का? कुणीही नाही.

पहिला महिना मी सगळं नीट केलं. मग एका दुपारी पुण्याहून मैत्रिणीचा फोन आला. माझी जागा भरली होती, आणि ती तिलाच मिळाली होती. बिचारी संकोचून सांगत होती. फोन ठेवला तोच आतून हाक आली, "एस्तेर, दोन तास झाले की गं. वळीव मला."

दोन तास होऊन वर वीस मिनिटं झाली होती. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आत्ताच वळवलं ना, आजी."

दमले होते, असं सांगू का? नव्हते दमले. तिला वळवायला पाच मिनिटं लागायची. मला फक्त बघायचं होतं ती काय करते ते. तिने कपाळाला आठ्या घातल्या, जरा विचार केला आणि म्हणाली, "व्हय का?"

त्या 'व्हय का'ने मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू — बरं वाटलं. जिच्या एका वाक्याने माझं सगळं अडकलं, ती माझ्या एका वाक्याने गोंधळली होती.

मग ते रोजचंच झालं. दोनाचे तीन तास, तिनाचे चार. उन्हाळा होता, सोलापूरचा. दिवसभर पडदे ओढलेले, कूलरची घरघर, सकाळ की दुपार ते पडल्या जागी कळायचं नाही. तिच्या मनगटावर घड्याळ होतं. ते बंद पडलंय असं सांगून मी काढून घेतलं. चालू होतं ते. आता सांगा, हा काही एखाद्या वेळचा संताप होता का?

पण ती नर्स होती. घड्याळ गेलं तर तिने दुसरा उपाय काढला. मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि डाव्या हाताच्या पेरांवर मोजायची. एक प्रार्थना म्हणजे अर्धं मिनिट, दोनशे चाळीस झाल्या की दोन तास. मला हे तिनेच सांगितलं, आनंदाने, एखादी युक्ती सापडल्यावर लहान मूल सांगतं तसं. "आता तुला इचारायला नको बग."

दुसऱ्या दिवशी तिने हाक मारली. "दोनशे चाळीस झाल्या गं, एस्तेर."

मी म्हणाले, "साठसुद्धा झाल्या नाहीत, आजी. तू मोठ्याने म्हणत होतीस, मी इथे बसून ऐकतेय. मध्येच विसरतेस आणि भलताच आकडा धरतेस."

मग तिचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर गेला, आणि तिने पहिल्यापासून सुरू केलं. मी मोबाईल बघत बसले.

गुरुवारी घरात प्रार्थनेला बायका जमायच्या. कुणाला कशासाठी प्रार्थना हवी, ते आधी विचारायच्या. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या मुलाची परीक्षा. आजीची पाळी आली. झटका आल्यापासून तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, "माज्या डोक्यासाटी करा गं. मला येळ कळंना झालीय. देवानं हात न्हेला, पाय न्हेला, ते चालतंय. डोकं तेवडं ऱ्हाऊ दे म्हणावं."

दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांनी मिळून माझ्या आजीच्या शाबूत डोक्यासाठी प्रार्थना केली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. शेवटी सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हणाले.

एका रविवारी चादर बदलताना आईने तिची पाठ पाहिली. माकडहाडाजवळ कातडी काळी पडून फुटली होती. आई किंचाळली. "एस्तेर, हे काय? वळवत नाहीस का तू तिला?"

आजी कुशीवर होती, तोंड भिंतीकडे. मी तिच्यादेखत म्हणाले, "ती वळवूच देत नाही, आई. हात लावला की म्हणते, आत्ताच वळवलं. रोज भांडते माझ्याशी."

समजतंय ना तुम्हाला? माझं वाक्य मी तिच्या तोंडी घातलं. ती नाही म्हणेल, निदान चिडेल, याची मी वाट पाहत होते. मला वाटतं, तिने तेव्हा एक शिवी जरी दिली असती तरी मी सगळं ओकून टाकलं असतं — पण हेही मी आता माझ्या सोयीने म्हणत असेन. भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "आसंल, बाई. पोरीला बोलू नगंस. मला कुटं काय ध्येनात ऱ्हातंय."

मग तिने मला ती जखम कशी धुवायची ते शिकवलं. स्वतःला न दिसणाऱ्या जखमेचं ड्रेसिंग ती मला शब्दाशब्दाने सांगायची — कडेची कातडी आधी पूस, ओढू नको, वास येतोय का बघ. वास येत होता. येतोय, असं मी म्हणाले; तेवढं एक खरं सांगितलं. "लई तरास देते मी तुला," असं ती दर वेळी म्हणायची. दीड महिन्यात जखमेचं विष अंगात पसरलं आणि ती गेली. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी दोन वाक्यं माझ्या सेवेवर खर्च केली. शेवटी सिस्टरबाईंना, म्हणजे आजीला, भान राहिलं नव्हतं, असंही ते म्हणाले. घरात, मंडळीत, सगळीकडे ते तसंच राहिलं.

याला सोळा वर्षं झाली. आई आता सेवानिवृत्त आहे. गेल्या सहा महिन्यांत दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेली, शेजारणीचं नाव तिला आठवेना. तशी ती घाबरट नाही, पण या बाबतीत तिची झोप उडालीय. गेल्या आठवड्यात तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला विसरण्याचा आजार होता का?

"माझ्या आईला," आई म्हणाली. "शेवटी तिला काही म्हणता काही कळत नव्हतं. हिला विचारा की, हीच होती तिच्याजवळ."

डॉक्टर पेन हातात धरून माझ्याकडे बघत होते. आईही बघत होती.

"हो," मी म्हणाले. "होता." त्यांनी ते लिहून घेतलं.

परत येताना रिक्षात आई माझ्याकडे सरकली. मग तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "मला भीती वाटते गं. पण तू आहेस. आजीचं केलंस तसंच माझं करशील ना?"

मी हो म्हणाले.