झाकला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — देवापुढं बसलो की दुसरंच काहीतरी मागत बसतो. आज तुम्ही समोर आहात असं धरतो आणि बोलतो. मध्येच अडखळलो तर जरा थांबा.

दर नागपंचमीला मळमड्डी वस्तीच्या कडेच्या आमच्या तालमीचं दार आतून बंद होतं. बाहेर लोक हात जोडून उभे. आत मी एकटा, हातात अण्णांचा पट्टा — कोपरापर्यंत लोखंडी खोबळा, पुढं लांब लवणारं पातं. पाऊस उघडला असला तर कौलांच्या फटीतून उन्हाच्या काड्या लाल मातीवर उतरतात. मातीला ताकाचा, हळदीचा वास असतो. आणि मला वाटतं, मी झोपलोय आणि हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय. मग पातं वाजायला लागतं. बाहेर म्हातारेकोतारे डोळे मिटतात. झाकला हात चाललाय म्हणतात. मग मी दार उघडतो आणि प्रसाद म्हणून एकेका शिष्याच्या कपाळाला मातीचं बोट लावतो.

झाकला हात म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. अण्णा आमचे पहिले वस्ताद. डाव्या हाताने पट्टा फिरवायची ही विद्या त्यांनी स्वतः बसवली, त्यांच्याआधी ती कुणापाशी नव्हती. एकेका फिरवणीला आम्ही हात म्हणतो. सगळे हात त्यांनी सगळ्यांना दिले, एक तेवढा मागं ठेवला. तो वस्तादाने पुढच्या वस्तादालाच द्यायचा, दार लावून. आणि देण्याआधी हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, मूठभर माती आपल्या हाताने त्याच्या कपाळाला लावायची. ज्याच्या कपाळाला ती मूठभर माती, त्याची तालीम. कागद नाही, पंच नाहीत. अण्णांचा कागदावर विश्वासच नव्हता.

पुढं होतो आम्ही दोघं. मी, बाजारातल्या कापडदुकानदाराचा मुलगा — दूधतूप खाऊन वाढलेला, अण्णांचा पट्टा पुसायचा मान माझा. आणि भरमा, अळनावरकडच्या खेड्यातला. शेतीची कामं आटपली की यायचा, चारदोन महिने राहायचा, परत जायचा. तो आला की अण्णांचा चेहरा उजळायचा. मला ते दिसायचं. रोज झाडलोट मी करायची, आणि चेहरा उजळायचा तो त्याला बघून? जळायचो मी. दुसरा शब्द शोधत नाही.

मिरगाच्या तोंडावर अण्णा आजारी पडले. त्यांना घरदार नव्हतं. तालमीमागच्या खोलीत राहायचे, आणि त्यांचं सगळं मीच बघत होतो. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायचो. वैद्यांनी सांगितलंय, म्हणायचो — वैद्यांनी असं काही सांगितलं नव्हतं.

एके दिवशी अण्णांनी हौद्यातली माती मागितली. मी ओंजळभर आणली. त्यातली मूठभर त्यांनी डाव्या हातात धरली आणि म्हणाले, "गोविंदा, भरमाला बोलाव. उशीर करू नको."

हो म्हणालो. बाहेर गेलो. चिंचेखाली उभा राहिलो. गार वारा सुटला होता, दूर कुठंतरी गाडीची शिटी वाजली — अळनावरचीच असेल. त्या गाडीनं निरोप गेला असता तर दुसऱ्या दिवशी भरमा अण्णांच्या उशाशी असता. मी तिथं किती वेळ उभा होतो, आठवत नाही. पानं हलत होती तेवढं आठवतं. मग आत आलो आणि निरोप धाडला म्हणून सांगितलं.

अण्णा वाट बघायला लागले. दाराकडं तोंड करून पडायचे. मूठ सोडायचे नाहीत. "भरमा आला काय रे?" वाटेवर आहे, अण्णा. "पेरणी असंल त्याची." हो अण्णा, पेरणी असेल. मलाच द्या हात, असं एकदा तोंडावर आलं होतं — त्यांनी माझ्याकडं असं काही मायेनं बघितलं की मागायचं धाडस झालं नाही. शेवटी शेवटी ते आपल्या मायबोलीत, कानडीतच विचारत होते, लहान मुलानं आईला विचारावं तसं. मी मान हलवत होतो.

एका दुपारी अण्णा गेले. मूठ मीच उघडली. माती घामानं ओली झाली होती. ती मी माझ्या कपाळाला लावली आणि दार उघडलं. लोकांनी अण्णांकडं बघण्याआधी माझ्या कपाळाकडं बघितलं. एकेक जण वाकला. मी एक शब्दही बोललो नाही, बोलायची गरजच पडली नाही.

म्हणजे बघा, झाकला हात अण्णांबरोबरच गेला. मी बंद दारामागं जे फिरवतो ते काहीच नसतं. पात्याचा आवाज बाहेर जावा म्हणून हवेत हात हलवतो, दम लागला की थांबतो.

पण हेही मी कसंबसं गिळलं असतं. सांगायचं आहे ते वेगळंच. दिवसकार्याला भरमा आला. पायाला शेतातला चिखल तसाच. कोपऱ्यात मला गाठून, कानडीतला आदराचा 'री' लावत हळूच म्हणाला, "माझी आठवण काढली काय री, अण्णांनी?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानं मान डोलावली. माझ्या पाया पडला आणि गेला. मग कित्येक वर्षं फिरकला नाही.

यंदा आला. लढाईचे दिवस, रॉकेल नाही, तालमीत पोरंही थोडीच. केस पांढरे झालेत त्याचे. बाहेर सगळ्यांच्या मागं उभा राहून त्यानं तो आवाज ऐकला. मी दार उघडलं तर गर्दीतून वाट काढत समोर आला तो तोच, डोळे भरलेले. वाकून म्हणाला, "वस्ताद, आतला हात तेवढा जपा री. अण्णांचं तेवढंच राहिलंय." आणि कपाळ पुढं केलं.

मी हौद्यातली माती घेतली आणि त्याच्या कपाळाला लावली. अण्णांना लावायची होती तिथंच. शिष्याला लावतात तशी, बोटभर.