तळोद्यापुढची बाग आणि न शिवलेली भाजी

गौरी-गणपती आटोपले आणि कमळचं पत्र आलं, "आई, बाग बघायला ये. शेठजीही यायचे आहेत." दुसऱ्याच दिवशी मी अंमळनेरहून निघाले.

कमळ माझी थोरली लेक. तळोद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगरातल्या मुलामुलींच्या वसतिगृहात ती शिकवते. तिथली पोरं बारा महिने भाकरी आणि मीठ-मिरची खायची, निम्म्यांची तोंडं आलेली. म्हणून तिने वसतिगृहामागची पडीक जमीन नंदुरबारच्या एका कापूस-व्यापाऱ्याकडून मागून घेतली. शेठजींची अट सरळ होती. पोरांनी यंदा भाजी खाल्ली तर जमीन बागेला, नाहीतर पुढच्या साली तिथे कपाशी.

नंदुरबारपर्यंत आगगाडी आहे. तिसऱ्या वर्गात खिडकीशी बसावं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरचीच न्यावी, स्टेशनावर पैसा घालवू नये. पुढे तापीपर्यंत सर्व्हिस मोटर. हिच्यात मागे बसू नये. माझ्या लुगड्याचा रंग चिखलाने ओळखू येईना. नदी नावेने ओलांडली की प्रकाशे. महादेवाचं दर्शन घेतलं, चिखलाचं लुगडं घाटावर धुऊन वाळवलं आणि बैलगाडी ठरवली. पावसाळ्यात पुढे गाडीशिवाय गत्यंतर नाही.

गाडीवान बोलका होता. मी कोणाची कोण हे कळताच म्हणाला, "माय, तुन्ही पोर भारी शे. पोरेसना हातमा तिनी कुदळ दिनी. आते पोरे घर येतस तं बापलेच शिकाडतस."

मी रस्त्याकडे बघितल्यासारखं केलं. डोळे भरले होते.

बाग बघून मात्र मी वाटेचा शीण विसरले. प्रत्येक पोराचा एक वाफा, आणि बियाणं ज्याच्या त्याच्या आईने पदराच्या गाठीत बांधून दिलेलं: दुधी, काकडी, चवळी, वाल, अंबाडी. बाजारचं एकही नाही. रुमली नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी मला तिच्या वाफ्याशी घेऊन गेली आणि दुधीवरचं पान बाजूला सारून, बाळाचं तोंड दाखवावं तसा तो दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी तळोद्याहून दोन बैलांच्या दमणीत आले. कमळ पहाटेपासून चुलीशी होती. दुधीची भाजी, चवळीच्या शेंगा, अंबाडी. पोरं रांगेत बसली, पानं वाढली, श्लोक झाला.

आणि पोरांनी भाकरी मिठाला लावून खायला घेतली. एकानेही भाजीला बोट लावलं नाही.

मला आधी रागच आला. लेक उपाशीपोटी रांधते आणि ही नखरे करतात. कमळ पानापानाशी वाकून खा म्हणाली. पोरं माना खाली घालून भाकरीच चावत राहिली.

शेठजी जैन, आपला डबा घरूनच घेऊन आले होते. तो बंद करून ते म्हणाले, "मास्तरीणबाई, पोरांना भाजी नकोच दिसते. मग जमीन कशाला अडवायची?"

कमळचा चेहरा उतरला. मी रुमलीशेजारी मांडी घालून बसले आणि हळूच विचारलं, भाजी आवडत नाही का गं?

"आवडते की," ती म्हणाली. "पण अजून देवाने खाल्ली नाही. नवाई व्हायची आहे."

नवाई म्हणजे नव्या पिकाचा पहिला घास गावच्या देवाला. तो दिवस गावचा पुजारा ठरवतो, आणि तोवर नवं काही तोंडात घालायचं नाही. बागेचं हे पहिलंच पीक, कमळने विचारलं नव्हतं. मग सांगितलं का नाही? तर बाईंनी रांधलं, नको कसं म्हणायचं.

मी खजील झाले. नैवेद्याआधी घरात कोणाला पापडाचा तुकडा न देणारी मी, मला हे सुचू नये!

कमळ रांगेपुढे उभी राहिली. "माझं चुकलं. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." आमच्या शाळेत असं बोललेले मास्तर मी पाहिले नाहीत.

मग मला धीर आला. म्हटलं, "शेठजी, चातुर्मासात तुमच्या डब्यात हिरवं पान नसतं. म्हणून तुम्हाला भाजी नकोच, असं मी म्हणू का?"

शेठजींनी आपल्या बंद डब्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. लगेच पुजाऱ्याला बोलावणं गेलं. आजच नवाई उरकता येईल का, असं शेठजींनी विचारलं. म्हातारा पुजारा शांतपणे म्हणाला, "शेठ, देव तुझ्या दुकानात कामाला नाही." दिवस ठरला होता, आणखी तीन दिवसांनी. शेठजी तळोद्याला मेव्हण्याकडे थांबले.

नवाईला पुजाऱ्याने सागाच्या पानावर काकडी, शेंगा आणि शिजवलेला दुधी देवापुढे ठेवला. मग पहिली फोड त्याने कमळच्या हातावर दिली. गावच्या बायांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

पुढे काय सांगू! मोठी दोन पातेली रिकामी झाली, तळ खरवडायला पोरांत भांडणं लागली. मी आणि कमळ मिठाशीच भाकरी जेवलो. शेठजी निघताना म्हणाले, कपाशी दुसरीकडे लावू. रुमलीने दिलेला दुधी त्यांनी दमणीत स्वतःच्या मांडीवर धरला होता.

कोणाला ही बाग बघायला जायचं असेल तर नवाई झाल्यावर जावं, आणि जाताना आपल्या परसातलं मूठभर बी न्यावं. त्याहून मोठी भेट तिथे चालत नाही.

परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, पोरगी लग्नाची झाली, रानात करते काय? मी म्हटलं, "चुकली की चारचौघांत कबूल करते, आणि मग पुन्हा पंगत वाढते."