आईचा नंबर

"चार बार फोन लावला म्हनं त्या हॉटेलवाल्यानं. बहिनीनं उचललाच न्हाई."

मामाला जाऊन तिसरा दिवस होता. मामाच्या घरी चूल बंद होती. शेजारपाजारच्या घरांतून आलेल्या भाकरी दोन बायका टोपलीत रचत होत्या आणि मी त्यांच्या मागे पाण्याची कळशी घेऊन उभी होते. मी दिसल्यावर एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. दुसरी म्हणाली, "असू दे की. इंग्लिश मीडियमची हाय ती. तिला कुठं आपलं बोलणं कळतंय."

मी कळशी खाली ठेवली. मला सगळं कळलं होतं. त्यांना जे माहीत नव्हतं तेही मला माहीत होतं. आईने फोन उचलला नाही हे खरं होतं, पण फोन वाजलाच नव्हता. तो वाजू नये अशी सोय मी करून ठेवली होती, आणि आईला ते ठाऊक नव्हतं.

याची सुरुवात लातूरला झाली. दहावीनंतर मला नांदेडहून लातूरला क्लाससाठी ठेवलं. डॉक्टर व्हायचं म्हणून आमच्याकडची मुलं जातात तशीच मीही गेले. एका खोलीत तिघी, खाली मेस, समोरच्या भिंतीवर मागच्या वर्षीच्या टॉपर्सचे फोटो. पहिल्याच आठवड्यात एका शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा फॉर्म भरला आणि त्यात स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आधी दुसरे क्लासवाले, मग हॉस्टेलवाले, मग कुणीही. मला अनोळखी माणसाशी फोनवर बोलताच येत नाही. मी नुसतीच ऐकत राहायचे आणि समोरचा हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचा.

तेवढं चाललं असतं. पण एकदा ऑनलाइन एक कुर्ता मागवला. पार्सल देणारा माणूस खाली गेटवर देऊन गेला आणि संध्याकाळी त्याच्या नंबरवरून मेसेज आला, की तुमचा डीपीवरचा फोटो छान आहे आणि कुर्त्याचा रंग कसा निघाला. एवढंच. त्यात वाईट शब्द एकही नव्हता. पण त्याला माझी खोली, माझं नाव, माझं माप माहीत होतं, आणि मला त्याच्याविषयी काहीच माहीत नव्हतं. मी आठ दिवस मेसला जाताना रूममेटच्या मागे लपून गेले. त्यानंतर मी सिम बदललं आणि नवा नंबर पाच जणांना दिला.

ऑनलाइन दुकानांचं मात्र नंबराशिवाय पान पुढे सरकत नाही. रकाना रिकामा ठेवला की त्याच्याभोवती लाल चौकट येते. मी दहा वेळा नऊ टाकून पाहिलं. त्यावर ओटीपी मागितला. मग मी आईचा नंबर टाकला.

तो पहिला दिवस मला आठवतो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मधल्या सुटीत तिने फोन उचलला आणि तिला आलेल्या ओटीपीचे आकडे वाचले, "एकोणसत्तर, त्र्याऐंशी, सदतीस."

"आई, असं नको. एकेक सांग ना."

"एकोणसत्तर कळंना का तुला? माझ्या वर्गातल्या पोरांना कळतंय बाई." ती हसली, मागे तिच्यासोबतच्या मॅडमही हसल्या. मग तिने इंग्रजीत एकेक आकडा सावकाश सांगितला, बालवाडीतल्या मुलाला सांगावा तसा. पुढे तो आमचा खेळच झाला. ती मुद्दाम एकोणनव्वद म्हणायची आणि मी चिडायची वाट बघायची.

पुस्तकं, चप्पल, चष्म्याची फ्रेम, सगळीकडे आईचा नंबर गेला. क्लासच्या चाचण्या, ॲप, कुपनं, तिथेही तोच. आधी माझा नंबर असायचा तेव्हा पार्सलच्या खोक्यावरचं लेबल मी पाण्याने भिजवून, नखाने खरवडून काढायचे. आईचा नंबर यायला लागला तसं मी ते सोडून दिलं. खोकी तशीच हॉस्टेलच्या कचऱ्यात जायची. यात काही चुकतंय असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

आईला फोन येऊ लागले. ती प्रत्येक फोन उचलायची.

त्याला कारण होतं. लातूरचा भूकंप झाला तेव्हा आई डी.एड.साठी नांदेडला मावशीकडे राहत होती. गाव निलंग्याकडचं. आई-वडील, आजी, सगळे एका पहाटे गेले. पंधरा वर्षांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, दुपारी दगडांखालून निघाला. त्याला लातूरच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथे त्याने एका अनोळखी माणसाला एक नंबर सांगितला. मावशीच्या शेजारी राहणाऱ्या हेडमास्तरांच्या घरचा फोन. बहिणीशी बोलायला म्हणून त्याने तो पाठ केला होता. त्या माणसाने बाहेरच्या एसटीडीवरून फोन लावला. हेडमास्तरांच्या बायकोने उचलला आणि कुंपणावरून आईला हाक मारली. तोवर दोन दिवस आईला वाटत होतं की कुणीच उरलं नाही.

तेव्हापासून आई अनोळखी फोन आधी उचलायची आणि ओळखीचा नंतर. भाजी फोडणीत असली तरी. "कुणाचा तरी कुणी असतो," एवढंच म्हणायची. आम्ही तिला हसायचो. बाबा म्हणायचे, कलेक्टरला एवढे फोन येत नसतील.

कर्जवाले, विमावाले, प्लॉटवाले, सगळ्यांशी ती नीट बोलायची. एका क्लासमधून फोन करणारी मुलगी तर तिच्या ओळखीची झाली होती. ती मूळची बिलोलीची, पुण्यात नोकरीला. आई तिला जेवलीस का विचारायची. ती मुलगी आधी कागदावरचं सगळं वाचून दाखवायची आणि मग आईला आपल्या घरचं सांगायची.

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा माझा पहिला प्रयत्न गेला. दुसराही गेला. मी नांदेडला परत आले आणि बी.एस्सी.ला नाव घातलं. घरात त्याविषयी कुणी बोलत नव्हतं आणि मला तेच हवं होतं. एके दिवशी मी आतल्या खोलीत होते आणि आई बाहेर फोनवर त्या बिलोलीच्या मुलीशी बोलत होती. "न्हाई गं बाळा, आता रिपीट नाही करत ती. लई मनाला लावून घेतलंय. बोलत नाही कुणाशी, जेवत नाही नीट. थोड्या मार्कांनी गेलं बघ." पलीकडून काही तरी विचारलं गेलं आणि आईने माझे मार्क सांगितले.

मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते आई एका परक्या मुलीला सांगत होती. मला फार राग आला. माझ्या मोबाइल नंबरासाठी मी एवढी जपत आले आणि इथे माझे मार्क असे वाटले जात होते. ती मुलगी आईपर्यंत कशी पोचली, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

आई अंघोळीला गेली तेव्हा मी तिचा फोन घेतला. ज्यांची नावं तिच्याकडे आहेत त्यांचेच फोन वाजतील, बाकीच्यांचा आवाज होणार नाही, अशी त्यात एक सोय असते. ती चालू केली. मागाहून मिस्ड कॉलची खूणही दिसू नये, हेसुद्धा पाहिलं. पाच मिनिटांचं काम होतं.

पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "आजकाल कुणी फोनच करत न्हाई गं मला. ती बिलोलीची पोरगीसुद्धा नाही. नोकरी सुटली की काय तिची." मी पुस्तकातून मान वर केली नाही.

मामा गेला तो शनिवार होता. आईची सकाळची शाळा, ती घरी येऊन जेवली होती. आम्ही दोघी टेबलाशी मेथी निवडत बसलो होतो आणि तिचा फोन आमच्या मधे, देठांच्या ढिगाशेजारी पालथा पडला होता. दुपारी साडेबारा ते एक. मी हे नंतर जुळवून काढलं. त्या अर्ध्या तासात आम्ही काय बोललो तेही मला आठवतं. मेथी कडू निघेल का, एवढंच.

तिकडे मामा बँकेच्या कामासाठी निलंग्याला आला होता. त्याचा फोन दुरुस्तीला दिलेला. स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात बसला असताना छातीत कळ आली. हॉटेलवाल्याने विचारलं, कुणाला फोन लावू. मामीचा नंबर मामाला पाठ नव्हता. हल्ली कुणाचाच कुणाला नसतो. आईचा होता. हॉटेलवाल्याने दोनदा लावला, मग मामाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि तिथून आणखी दोनदा लावला. शेवटी गावाकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. चार वाजता मामीचा फोन आईला आला. तो वाजला. आईने पहिल्या रिंगलाच उचलला. तोवर मामाला जाऊन दीड तास झाला होता, आणि त्या वेळी त्याच्याजवळ फक्त तो हॉटेलवाला होता.

तो माणूस तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायला आला. पन्नाशीचा, टोपी हातात घेऊन दारातच बसला. आईकडे बघत नव्हता. तो म्हणाला, "मी म्हनलं त्यांना, दुसरा नंबर सांगा, हा उचलंना झालाय. तर म्हनले, लावा. अक्का उचलते. अनोळखी असला तरी उचलते."

आईने त्याच्या हातातून त्याचा फोन घेतला आणि त्यातले ओळीने लागलेले चार कॉल बघितले. आपलाच नंबर, चार वेळा. मग स्वतःचा फोन काढून त्यात शोधू लागली. त्यात काही नव्हतं. कारण त्या चार नोंदी मी शनिवारी रात्री गाडीत, तिचं डोकं माझ्या खांद्यावर असताना, पुसून टाकल्या होत्या. ती सोयही बंद केली होती.

"लागला असणार हो," आई त्याला म्हणाली. "तुमची काही चूक नाही. मलाच ऐकू आला नसंल."

नांदेडला परत आल्यावर ती फोन पदराला बांधल्यासारखा जवळ ठेवू लागली. शाळेतून आल्यावर मला म्हणायची, तुझ्या फोनवरून लावून बघ जरा. मी दुसऱ्या खोलीतून लावायचे. तो वाजायचा. ती म्हणायची, आता ऐकू आला. मग पुन्हा लावायला सांगायची, दार लावून, नळ सोडून, मिक्सर चालू करून. वर्गात मुलांना ती एकच प्रश्न दोनदा विचारायला लागली आहे, असं तिच्यासोबतच्या मॅडमनी मला रस्त्यात सांगितलं. मी दर वेळी तोंड उघडायचे आणि काही तरी दुसरंच बोलायचे. चहा ठेवू का. गॅस संपलाय.

महिन्याने ती म्हणाली, कानाच्या डॉक्टरकडे चल.

दवाखान्यात कान तपासायची एक काचेची खोली होती. आईला आत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. आई डोळे मिटून, पुढे वाकून बसली होती. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. बटण धरलेलं बोट पांढरं पडलं होतं. माझ्या बाजूने काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त दर थोड्या वेळाने तिचं बोट दाबलेलं दिसायचं.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, कान उत्तम आहेत मॅडम, तुमच्या वयाला एवढे चांगले क्वचित असतात.

"मग त्या दिवशी मला फोन ऐकू का नाही आला?"

"लक्ष नसेल तुमचं. होतं असं."

आईने मान हलवली. कागदाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली. बाहेर येताना स्वतःशीच म्हणाली, "कान चांगले होते. लक्ष नव्हतं." एवढे दिवस तिला कानांवर ढकलता येत होतं. आता तेही गेलं.

काउंटरवरच्या मुलीने रिपोर्ट पाठवायला मोबाइल नंबर विचारला. आईने सवयीने सांगायला सुरुवात केली. मागे पाचसहा जण उभे होते. मी मधेच माझा नंबर सांगितला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आईने वळून माझ्याकडे पाहिलं. असं मी कधी केलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर ती चप्पल घालायला थांबली. एक हात माझ्या खांद्यावर होता. तो हात आहे तोवरच सांगायचं, असं मी ठरवलं.

"आई, तुझं लक्ष होतं. फोन वाजलाच नाही. तुझा नंबर सगळीकडे मी दिला होता, आणि आवाजही मीच बंद केला होता."