बमरोलीच्या कानबाईची अर्धी गिरकी

शनिवारी सकाळी धुळ्याहून सुरतेची एसटी धरली, तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि वह्याच जास्त होत्या. मी कथक शिकवते. गेली काही वर्षं कानबाईच्या मिरवणुकीतला नाच खानदेशात गावोगाव फिरून लिहून घेतेय. प्रबंधही त्यावरच आहे. श्रावणात रविवारी नारळाला डोळे, नथ, दागिने घालून ही देवी मांडतात. सोमवारी घरची बाई तिला पाटासकट डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला निघते. माझ्या एका विद्यार्थिनीची आई म्हणाली, "मॅडम, गावं पुष्कळ पाहिलीत. आता सुरतेत माझ्या मावशीकडची पाहा. निम्मा खानदेश तिकडेच आहे."

नवापूरपर्यंत हिरवे डोंगर, पुढे व्यारा आणि मग बारडोलीचा ऊस. बारडोलीला गाडी थांबली तर पात्रा नक्की खा. आपल्या अळुवडीपेक्षा जरा गोड, पण गरम मिळाला तर पोट भरेल इतका खाल. सहा तास हातात धरून निघा. सुरतेत उधन्याला स्टेशनजवळ हजाराच्या आत बरी खोली मिळते आणि तिथून मावशींच्या बमरोलीला शेअर रिक्षा.

मावशींना सगळी गल्ली जिजी म्हणते. साठीच्या, ठेंगण्या, गळ्याला मानेचा पट्टा. नवरा डाइंग मिलमध्ये लागला तेव्हा लग्न करून इथे आल्या आणि तेव्हापासून दर श्रावणात कानबाई त्यांच्याच डोक्यावरून गेली. यंदा डॉक्टरांनी ओझं उचलायचंच नाही म्हणून बजावलं होतं. म्हणून सून, कोमल, पहिल्यांदा देवी घेणार होती. तिने घेतली नाही, तर देवी जिजींच्या कोसाडच्या दिरांकडे जाणार. "एकदा गेली की परत येत नाही," जिजी म्हणाल्या. खाली यंत्रमाग खडखडत होते, तरी त्यांचा आवाज उतरलेला मला कळला.

संध्याकाळी गच्चीवर तालीम चालली होती. कोमलच्या डोक्यावर पाट, पाटावर गव्हाचा डबा. दोन पावलं पुढे, एक मागे, अंग किंचित डोलतंय. पण तिसऱ्या पावलाला तिची टाच उचलली जायची आणि अंग अर्धं वळायचं.

"काय करी राहिनी तू? आपली कानबाई गरबा खेळस नही!" जिजी कडाडल्या.

कोमल सुरतेतच जन्मलेली. "एनी मेळे थई जाय छे, मम्मी," ती म्हणाली. "आपोआप होतं."

जिजी माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही शिकेल बाई. गावोगाव पाहेल. तुम्हीच सांगा, खरं काय?"

मी वही उघडली. आज सांगायला लाज वाटते, पण उघडताना बरं वाटलं होतं. "मी पाहिलेल्या गावांत ही गिरकी कुठेच नाही," मी म्हणाले.

कोमलने पाट खाली ठेवला. "मग मम्मी, तुम्ही दुसरं कोणी शोधा." आणि ती जिना उतरून गेली.

खोलीवर परतताना रिक्षात मला माझेच वर्ग आठवत राहिले. कथकात देवळातली कथा आहे, दरबारातली नजाकत आहे, ठुमरी आहे, हे मी मुलींना अभिमानाने सांगते. इतकी घरं फिरून आली म्हणून ती कला मोठी. मग कोमलच्या पायांना मी कुठला नियम लावला होता?

रविवारी कानबाई बसली. कोमल केळीचे खांब बांधत होती, फुलं लावत होती, पण कोणाशी बोलत नव्हती. दुपारी बायकांनी देवीपुढे फेर धरला आणि मी मोबाइलवर चित्रण केलं. जिजींनाही राहवेना, पट्ट्यासकट त्या फेरात शिरल्या. नंतर ताल मोजायला मी ते चित्रण पाहायला बसले आणि थांबलेच. तिसऱ्या पावलाला जिजींची टाच उचलली जात होती. अंग अर्धं वळत होतं.

दाखवावं की नाही? दाखवलं तर त्यांचा इतक्या वर्षांचा विश्वास दुखावणार. लपवलं तर कोमलवर माझ्याकडून झालेला अन्याय तसाच राहणार. शेवटी मी त्यांना एकट्यांनाच गच्चीवर नेलं.

त्यांनी ते तीनदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मना पाय हाई कव्हय शिकनात व माय?"

आणि आपले पाय हे कधी शिकले, ते स्वतःच आठवायला लागल्या. सुरतेतली पहिली नवरात्र. भाषा येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. दारात उभ्या होत्या, तर शेजारच्या गुजराती बाईने हात धरून गरब्यात ओढलं. "या गावात माझा हात धरणारी ती पहिली," जिजी म्हणाल्या.

मी खाली जाऊन कोमलला सांगितलं, "काल मी घाईने बोलले. चूक माझी होती." जिजींनी माफीबिफी मागितली नाही. तालमीचा पाट आणून तिच्या पुढ्यात ठेवला. "गिरकी घे. पण सावकाश. मान सांभाळ."

सोमवारी सकाळी डफ-सनईच्या तालावर मिरवणूक निघाली. देवीसाठी वेगळ्या दळलेल्या गव्हाच्या रोटांचा प्रसाद भाऊबंदांतच खायचा असतो, म्हणून मी कोपऱ्यावर लोचो, सुरतेचा मऊ ढोकळ्यासारखा नाश्ता, खाऊन आले. कोमलच्या डोक्यावर कानबाई, बाजूला जिजी. पहिल्याच गिरकीला कोसाडच्या जाऊबाई मोठ्याने म्हणाल्या, "हाई काय नवं?"

"नवं नही," जिजी म्हणाल्या. "मनं शे."

कोमल हसली. पाट जराही हलला नाही.

धुळ्याला परतून महिना झाला. प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर एक संकोच. वही उघडण्याआधी आता मी जरा थांबते. परवा ते चित्रण प्रबंधात वापरायची परवानगी मागायला जिजींना फोन केला.

"वापरा," त्या म्हणाल्या. "पण कोणी शिकवलं, तेही लिहा. कोकिलाबेन. आता नाही ती."

मी लिहून घेतलं. मग माझी पहिली गिरकी मला कोणी शिकवली होती, ते आठवत बसले. बाईंचा चेहरा आठवला, घुंगरांवर ठेवलेला हात आठवला. नाव मात्र काही केल्या आठवेना.