नळीत रुजलेलं

"पोट तर कुठं दिसत नव्हतं तुझं. मग पाडलं काय?"

प्राचार्यांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये समोरच्या खुर्च्यांवर दोन प्राध्यापक बसलेले होते. चहाचे कप गोळा करायला आलेल्या शिपाई सुमनमावशी होत्या. अन् मी उभी. माझं दवाखान्याचं कार्ड सरांच्या हातात होतं. रजेच्या अर्जाला मीच ते जोडलं होतं. त्यांनी ते वाचायला घेतलं, मोठ्यानं. माझं वय वाचलं. पाळी कधी चुकली ते वाचलं. रक्त कधीपासून जातंय ते वाचलं. 'एक्टोपिक' या शब्दावर अडखळले, अन् मग वर बघून हा प्रश्न विचारला.

एक प्राध्यापक खाली बघून हसले. दुसऱ्यांनी मोबाईल काढला.

मी म्हणाले, "पाडलं नाही सर. गर्भ नळीत होता. इंजेक्शन दिलंय."

"म्हणजे तेच की. बाळंतपण नाही, ऑपरेशन नाही, टाके नाहीत. दोन आठवडे रजा कशाची?" कार्ड टेबलावर टाकून ते म्हणाले, "तुमच्या लोकांना एकदा सवलतीची सवय लागली की लागली."

तुमच्या लोकांना. शाळेत असल्यापासून हे दोन शब्द मी कुठंही ओळखते. कितीही हळू म्हटले तरी.

गंगाखेड तालुक्यातल्या एका कॉलेजात मी कनिष्ठ लिपिक आहे. आमच्या बुद्धवाड्यातून ऑफिसात खुर्चीवर बसलेली पहिली बाई. त्या ऑफिसात आम्ही तिघी. बाकी दोघी 'मॅडम'. मी 'तू'. आठ वर्षं झाली, मी कधी काही म्हटलं नाही. म्हटलं, जाऊ दे, काम बोलतं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती तेव्हा पाळी चुकली. घरी तपासलं तर दोन रेघा आल्या. दवाखान्यातून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणल्या, रोज सकाळी न चुकता घेऊ लागले. गोळी घेताना मला लय बरं वाटायचं. वाटायचं, आपण कुणाला तरी जेवू घालायलोय.

मग डाव्या कुशीत दुखायला लागलं. कपड्यावर डाग दिसला. मिस्टरांनी परभणीला नेलं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टर बराच वेळ मशीन फिरवत राहिल्या. पिशवी रिकामी होती. गर्भ डाव्या नळीत रुजला होता.

"तिथं तो वाढू शकत नाही. वाढला तर नळी फुटेल, तुमचा जीव जाईल," आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "नशीब, लवकर आलात. इंजेक्शनवर भागेल."

मी विचारलं, "त्याला दुसरीकडं बसवता येत नाही का?"

त्यांनी रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाल्या, "नाही हो. ते कुणालाच येत नाही."

इंजेक्शन कमरेत दिलं. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जड उचलायचं नाही. उन्हात फिरायचं नाही. पोटात जोराची कळ आली, चक्कर आली, खांदा दुखला तर थेट दवाखाना. गर्भामुळं रक्तात जे हार्मोन येतं त्याचा आकडा शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासायचं. अन् फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आजपासून बंद, त्या या औषधाला काम करू देत नाहीत.

ज्या गोळ्यांनी मी त्याला जेवू घालत होते, त्याच बंद करायच्या. हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "कुणाला सांगू नको. टायफाइड झालाय म्हण." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना लाज वाटत होती. मलाही वाटत होती. कशाची, ते सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी रक्त तपासलं तर आकडा वाढलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं होतं, सातव्या दिवशी बघू, तोवर पडून राहा. पाचव्या दिवशी प्राचार्यांचा फोन आला. परीक्षा चालू आहे, अर्ज घेऊन समक्ष ये. म्हणून मी त्या केबिनमध्ये उभी होते.

रजा दिलीच नाही. वरून म्हणाले, "आलीच आहेस तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वर नेऊन ठेव. एक शिपाई सुट्टीवर आहे."

मी "जड उचलायचं नाही" असं म्हणायला हवं होतं. कार्डावर ते लिहिलेलंही होतं. मी म्हटलं नाही. तिथून बाहेर पडायची एवढी घाई झाली होती की त्यांनी विटा वाहायला सांगितल्या असत्या तरी वाहिल्या असत्या. सुमनमावशी मागं आल्या. "बाई, मी नेते, तुमी बसा," म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना आतून हाक आली.

दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला जिन्यात मधेच कळ आली. अशी की, डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं. गठ्ठा सुटला. मी पायरीवर बसले. वरून पोरी उतरत होत्या, त्या बाजूनं गेल्या. एक थांबली. तिनंच पाणी पाजलं, मिस्टरांना फोन लावला.

मिस्टरांनी थेट परभणीला नेलं. सोनोग्राफीत पोटात थोडं रक्त दिसलं. नळी फुटलेली नव्हती. डॉक्टरबाई चिडल्या. "काय उचललंत?" मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुणी उचलायला लावलं?" त्यावर मी म्हणाले, "कामच तसं होतं."

बघा. तिथंही मी प्राचार्यांनाच झाकत होते.

दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. आई आली. आईनं जन्मभर ऊसतोड केली. बोलणारी बाई नाही ती. मिस्टर औषधं आणायला गेले तेव्हा ती माझ्या पायाशी बसून बोलायला लागली.

"तुझ्या आधी एक गेलं माझं. फडातच. लुगडं भरलं. मुकादम म्हनला, बसून कसं भागंल, मोळी उचल. मी उचलली."

हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती.

मी म्हणाले, "तू काय करणार होतीस?"

"मी काईच करू शकत नव्हते. मला लिव्हता येत न्हवतं, कायदा ठाव न्हवता, कुणाकडं जावं ते कळत न्हवतं." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला तर समदं येतंय. तू का उचललं?"

  आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, अन् माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

त्यानंतर सहा आठवडे दर सोमवारी एसटीनं परभणी. दंडातून रक्त. आकडा उतरत गेला. आकडा उतरला की डॉक्टरबाई "छान" म्हणायच्या. मलाही बरं वाटायचं, अन् लगेच रडूही यायचं. कारण आकडा म्हणजे तेच होतं. जेवढा आकडा कमी, तेवढं ते कमी. इंजेक्शनमुळं तोंडात फोड आले, केस गळाले, जिना चढताना धाप लागायची. शून्य आला त्या दिवशी मी बसस्टँडवर दोन गाड्या सोडल्या. घरी जाऊन काय सांगायचं ते कळत नव्हतं.

त्यानंतर कामावर गेले तर टेबलावर नोटीस. विनापरवाना गैरहजर. सोबत टाइप केलेला माफीनामा. 'माझ्या वैयक्तिक कारणामुळे कार्यालयाची गैरसोय झाली, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सहीची जागा.

"सही कर, विषय मिटव," प्राचार्य म्हणाले.

मी म्हणाले, "करत नाही."

एवढंच. आवाज चढला नाही. माफीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला.

टेबलावर येऊन बसले अन् माझा अर्ज लिहिला. हातानं. काय झालं, कोणत्या दिवशी, केबिनमध्ये कोण कोण होतं. माझं कार्ड कसं वाचलं. प्राचार्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहिली, 'तुमच्या लोकांना' धरून. गठ्ठे लिहिले, जिना लिहिला. डॉक्टरबाईंचं पत्र जोडलं. कॉलेजात आलेल्या प्रत्येक कागदाची आवक नोंदवहीत नोंद करायचं काम माझंच. मी नंबर टाकला, शिक्का मारला, प्रत आत पाठवली.

दहा मिनिटांत ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"हे नोंदवहीत चढवायचं नाही."

"चढवलं सर."

"पान फाड."

"पानांना नंबर आहेत सर."

आणखी दोन प्रती मी पोस्टानं पाठवल्या. एक तक्रार समितीला, एक विद्यापीठाला. दुसऱ्या आठवड्यात मला ऑफिसातून काढून जुन्या रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. तिथं पंखा नाही. दोघी मॅडम बोलायच्या बंद झाल्या. दोन्ही प्राध्यापकांनी लिहून दिलं की आम्ही काही ऐकलं नाही. सुमनमावशी म्हणाल्या, "माय, माजी नोकरी रोजंदारीवर हाय. मला पुढं हो म्हनू नको. पन समितीनं इचारलं तर खोटं सांगनार न्हाई." मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. मिस्टर म्हणतात, नोकरी गेली तर? मी म्हणते, जाईल कदाचित.

मूल होईल की नाही, माहीत नाही. एक नळी चांगली आहे, डॉक्टरबाई सांगतात. त्या आशेवर मी कुणाला माफ करणार नाही.

पुढच्या आठवड्यात समितीपुढं माझा जबाब आहे. समितीच्या एक बाई परवा फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "नाजूक विषय आहे. तुमच्या अब्रूसाठी बंद खोलीत घेऊ या का?"

मी म्हणाले, "माझ्या अब्रूला काही झालेलं नाही. सगळ्यांसमोर घ्या. प्राचार्यांनाही बसवा."

 त्या म्हणाल्या, "विचार करा."

विचार झालाय. गर्भ, नळी, रक्त, पाळी, सगळे शब्द मी मोठ्यानं उच्चारणार आहे, त्यांच्या तोंडाकडं बघून. मान खाली घालायची पाळी आता माझी नाही.